खानदेशचा मांडा

‘मनांत मांडे खाणें’ हा वाक्प्रचार आपल्याकडे घरोघर ऐकूं येतो. परंतु खरा मांडा पानांत वाढलेला ज्यांनीं पाहिला आहे अशीं माणसें पुण्या-मुंबईकडे थोडींच भेटतील. ज्याला तो पाहावयाचा असेल त्यानें ऐन वैशाखांत खानदेशांत जावें. त्या दिवसांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि शहाणा प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाहीं. पण मांड्याचा सण जो आखाजी, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया, तो नेमका याच उन्हांत येतो. त्यासाठीं थोडा घाम गाळावयास हरकत नसावी.

खानदेश हा पूर्वीं एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. पुढें १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. अशा वांटण्या झाल्या तरी आखाजीचें पान मात्र कोणी वांटूं शकलें नाहीं. पूर्वेस तावडी बोली कानीं पडते, पश्चिमेस अहिराणी. पण खापरावरची पुरणपोळी, म्हणजेच मांडा, सोबत आंब्याचा रस, पुरणाच्या कटाची झणझणीत रशी, कुरडया आणि भजीं हा बेत दोहोंकडे सारखाच.

ही यात्रा मुक्ताईनगरापासून सुरू करावी असें आम्हांस वाटतें. या गांवाचें जुनें नांव एदलाबाद. जवळच कोथळी येथें मुक्ताबाईंचें मंदिर आहे. इ. स. १२९७ मध्यें तापीच्या तीरीं, विजेच्या कडकडाटांत त्या गुप्त झाल्या असें वारकरी परंपरा मानते. आषाढीला येथून त्यांची पालखी पंढरपुरास जाते. मांड्याच्या शोधांत निघालेल्यानें आधीं येथें हात जोडावे, याचें कारण वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. मुक्ताबाईंना मांडे करावयाचे होते; विसोबा चाटीच्या धाकानें कुंभारांनीं खापर दिलें नाहीं; तेव्हां ज्ञानदेवांनीं योगाग्नीनें आपली पाठ तापविली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, ही आळंदीची आख्यायिका आपण सर्वांनीं आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली आहे. ती चमत्काराची कथा म्हणून सांगतात. पण तींत स्वयंपाकघरांतील एक व्यवहारहि दडलेला आहे. घरांत कणीक आहे, करणारीचे हात तयार आहेत, आणि तरीहि एका कुंभारानें नाहीं म्हटलें कीं सारें अडतें!

हें खापर म्हणजे चुलीवर उपडें ठेवलेलें मोठें मातीचें भांडें. ‘खर्पर’ या संस्कृत शब्दापासून खापर, आणि ‘मंडक’ यापासून मांडा. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत गव्हाच्या मंडकाचें वर्णन आलेलें आहे. म्हणजे आखाजीच्या दिवशीं खानदेशांतील एखादी आजीबाई जें करिते, त्याच्यामागें निदान नऊशें वर्षांची परंपरा उभी आहे.

मुक्ताईनगराहून हमरस्त्यानें भुसावळ ओलांडून जळगांवास यावें. जळगांवनजीकचें आसोदें हें बहिणाबाई चौधरींचें माहेर. १८८० सालीं तेथें त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नसलेल्या या बाईंनीं आखाजीवरहि कविता रचली आहे. या सणाला सासुरवाशिणी माहेरीं येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरली जाते. लेक घरीं आली म्हणून मांडा होतो, आणि मांडा करावयास चार हात हवे म्हणूनहि लेक घरीं यावी लागते, असा हा दुहेरी योग आहे.

कारण मांडा हें एकटीचें काम नव्हे. हरभऱ्याची डाळ शिजवून, कट काढून, गूळ घालून आटवावयाची व वेलदोडे-जायफळ घालून पाट्यावर गुळगुळीत वाटावयाची, इतकें आपल्या नेहमींच्या पुरणासारखेंच. वेगळेपण पुढें आहे. पीठ वस्त्रगाळ लागतें. तें मीठ-पाण्यांत सैल भिजवून, ओढून, आपटून इतकें तिंबतात कीं त्याला रबरासारखी तार सुटते. गव्हांत जो चिवट अंश असतो तो पाण्यानें व मळण्यानें जागा होतो, आणि कणीक मुरली म्हणजे न फाटतां ताणली जाते. मग पुरण भरलेला उंडा थोडा थापून दोन्ही हातांवर घ्यावयाचा, आणि या हातावरून त्या हातावर असा झेलीत न्यावयाचा, कीं स्वतःच्याच भारानें तो पसरत जावा. मनगटावरून कोपरापर्यंत तो उतरूं लागला, पलीकडचा हात त्यांतून दिसूं लागला, कीं एका झेपेंत तापल्या खापरावर पडला पाहिजे. तेथें सुरकुती पडली कीं पुरण बाहेर आलेंच! एकीनें जाळ संभाळावा, दुसरीनें उंडे भरावे, तिसरीनें हातावर फिरवावें, चौथीनें तूप सोडून घडी घालावी, अशी ही जोडणी असते.

येथें एका परदेशी पक्वान्नाची आठवण होते. विलायतेंत ‘पाउंड केक’ म्हणून एक जड, लोण्यानें भरलेला केक करितात. पीठ, लोणी, साखर आणि अंडीं, प्रत्येक जिन्नस एक पौंड. नांवांतच सारें प्रमाण. १७४७ सालच्या हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकांत तो आहे. १७९६ सालीं अमेलिया सिमन्स यांनीं अमेरिकेंत छापलेल्या पुस्तकांतहि आहे. आणि पुढें अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत तो घरोघरच्या गृहिणींचा अभिमान होऊन बसला. अंड्यांमुळें आपल्यांतील पुष्कळ घरांत त्याला मज्जाव आहे, ही गोष्ट वेगळी. सांगावयाचें तें असें, कीं तो केक पत्रांतून पाठवितां येतो. चार ओळी लिहिल्या कीं हजार कोसांवरची सून तो करून पाहूं शकते. भट्टीपाशीं ती एकटी असली तरी चालतें. मांड्याचें तसें नाहीं. त्याचें प्रमाण आम्हीं वर लिहिलें खरें. पण तें वाचून एकाहि वाचकभगिनीला मांडा येणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

जळगांवाहून एरंडोल, पारोळा करीत सुमारें ९० किलोमीटरांवर पांझरेच्या कांठीं धुळें लागतें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं येथेंच निवर्तले, आणि त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळांत जुनीं कागदपत्रें आजहि जतन केलेलीं आहेत. गांवोगांव हिंडून त्यांनीं दप्तरें गोळा केलीं म्हणून तीं वांचलीं. पण जी विद्या कागदावर कधीं उतरलीच नाहीं, तिचें दप्तर कोठें शोधावें? ती हाताबरोबर येते आणि हाताबरोबर जाते.

आणि ती जाऊं लागली आहे, हें उघड दिसतें. सदनिकेंत लांकडाची चूल पेटवितां येत नाहीं. गॅसच्या शेगडीवर खापर नीट तापत नाहीं. चार जावा एका छपराखालीं नांदत नाहींत. जळगांव-धुळ्याच्या कित्येक सुशिक्षित घरांत आतां मांडे सांगून करवून आणतात. यांत दोष देण्याजोगें कांहीं नाहीं. उलट, शेतकऱ्यांच्या घरांतील ज्या बायांनीं ही कला राखली, त्यांना तिच्यावर चार पैसे मिळूं लागले. बचतगटाच्या स्त्रिया मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत खापर मांडून बसतात आणि भोंवतीं गर्दी जमते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गर्दी पाहते, खाते आणि निघून जाते. शिकत कोणी नाहीं. एका पिढीनें पाहण्यावर भागविलें, तर दुसऱ्या पिढीला पाहावयासहि कांहीं उरत नाहीं.

म्हणून आमची वाचकांस एवढीच सूचना आहे. येत्या आखाजीला ज्यांचें खानदेशाशीं नातें आहे, त्यांनीं मांडे विकत आणण्याबरोबर ते करणारी बाईहि सन्मानानें घरीं बोलवावी, आणि तिला पूर्ण मोबदला द्यावा. अंगणांत तीन विटांची चूल मांडावी, कुंभाराकडून खापर आणावें, आणि तिच्या शेजारीं लेकीसुनांनीं उभें राहावें. जाळ संभाळावयास मुलांनीं पुढें यावें. तें काम कांहीं बायकांचेंच म्हणून ठरलेलें नाहीं. पहिले दहा उंडे फाटतील, अकरावा पसरेल. त्या अकराव्या मांड्यासाठीं वैशाखाचें ऊन सोसावें, असें आम्हांस मनापासून वाटतें.