चाळ पाडा, पण आधी आमची नोंद करा

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. आमच्यातल्या काहींच्या नातेवाईकांनाही मिळाल्या. पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी तरी म्हणणारच की यांना आता चाळीचा पुळका आलाय, समाज टॉवरमध्ये गेलेला यांना बघवत नाही.

पुळका अजिबात नाही. ज्यांनी बीडीडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. पॅसेजमध्ये दिवसाढवळ्या अंधार. संडास सार्वजनिक, सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. दहावीचा अभ्यास पॅसेजमधल्या दिव्याखाली. नवीन सून आली की नवरा-बायकोला खोली मिळावी म्हणून बाकीचे पुरुष पॅसेजमध्ये पथारी टाकणार. बाईमाणसाला या घरात कपडे बदलायलासुद्धा मोरीचा पडदा ओढून घ्यावा लागे. सिनेमा-नाटकांतून जी 'चाळ संस्कृती' दाखवतात ती एकोप्याची गोष्ट कुणाच्या नजरेतून लिहिलेली आहे हे आपण ओळखून आहोत. गावगाड्याचं कौतुक करणाऱ्यांना बाबासाहेबांनी संविधान सभेत १९४८ साली काय सुनावलं होतं ते माहीत असलेल्या माणसांनी चाळीसाठी गळे काढू नयेत. चाळ पडावी. लवकर पडावी. माणसांना चांगलं घर मिळावं, तेही त्याच जागेवर, कांजूर-माहुलला नव्हे.

आमचा मुद्दा वेगळा आहे. घर मिळालं आणि पत्ता गेला, असं होऊ घातलंय.

१९२० च्या दशकात, जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. एकूण २०७. गिरणीला माणूस हवा होता, माणसाला छप्पर हवं होतं, एवढाच हिशेब. कोकणातून, देशावरून आपली माणसं आली ती गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालटीत आणि गिरणीत लागली. गिरणीतही सगळीकडे नाही. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्य नको. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला होता. आज त्या गिरण्यांच्या जागेवर मॉल आहेत आणि मॉलच्या कोपऱ्यात शोभेसाठी चिमणी राखून ठेवलेली आहे. चिमणी राहिली, विणकाम खात्याचं दार राहिलं नाही. पर्यटकाला चिमणी दाखवता येते. ते दार दाखवायचं म्हटलं तर ते कुणाला बंद होतं हे सांगावं लागतं.

चाळीतही तेच. एकाच नकाशाच्या, एकाच सिमेंटच्या चाळी, पण 'आमच्या चाळी' आणि 'त्यांच्या चाळी' हे पाच वर्षांच्या पोराला कळायचं. कुणी सांगायचं नाही. कुठल्या चाळीसमोर क्रिकेट खेळायचं आणि कुठल्या चाळीसमोरून सायकल जोरात न्यायची एवढं पुरायचं. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या आंबेडकर मैदानावर पँथरची सभा होती. मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार टाकलेला होता. राजा ढाले बोलायला उभे राहिले आणि दगड सुरू झाले. त्यानंतर कित्येक आठवडे वरळी पेटलेली होती. १० जानेवारीच्या मोर्चात परळला वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेले. त्याच दिवसांत रमेश देवरुखकर गेले. आमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण ती दंगल आम्हाला तोंडपाठ आहे, कारण ती पुस्तकातून नव्हे, खिडक्यांवरून शिकवली गेली. या खिडकीतून पोलीस दिसले. या जिन्यात पोरं लपली. या दारावर काठ्या बसल्या. आजीने बोट दाखवायचं आणि आम्ही बघायचं. खिडकीच नसेल तर बोट कुठे दाखवणार?

आता चाळी पडतील आणि तिथे येणाऱ्या नगरांना नावंही जाहीर होऊन गेली. २०२२ साली वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर आणि ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. तीन पक्षांचं सरकार, तीन वसाहती, वाटणी चोख. ज्या वस्त्यांनी शंभर वर्षं निळा झेंडा खांद्यावर घेतला त्यांच्यातलं एकही नाव तिथे सुचलं नाही. कामगार पुढाऱ्याचंही नाही. बरं, यावर आपल्यातल्या किती जणांनी तोंड उघडलं? आपण चौरस फूट मोजण्यात गुंतलो होतो. आम्हीसुद्धा.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहा जण वरळीहून निघालो आणि परळ-नायगाव पायी फिरलो. कुठला 'हेरिटेज वॉक' नव्हता. आमच्यातल्या दोन कॉलेजच्या पोरांना बाबासाहेबांची मुंबई बघायची होती आणि आम्हाला वाटलं होतं की ती आम्हाला ठाऊक आहे.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं. त्याच्या कचेरीचा पत्ता हरारवाला बिल्डिंग, डॉ. बाटलीवाला रोड, पोयबावडी, परळ. पाक्षिकाचं शतक झालं तेव्हा आपण सभागृहं भरवली, विशेषांक काढले. पण पोयबावडीच्या नाक्यावर उभं राहून "मूकनायक इथून निघायचं" असं बोट दाखवणारी माणसं आपल्यात किती? पोरांनी हा प्रश्न आम्हाला तिथेच विचारला. आम्ही चहा मागवला.

परळची बीआयटी चाळ क्रमांक १. दुसरा मजला, खोली ५० आणि ५१. प्लेगनंतर जन्मलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ही चाळ. इथे बाबासाहेब साधारण वीस-बावीस वर्षं राहिले, परदेशात होते तो काळ वगळून. रमाईने संसार इथे ओढला, मुलं इथे गमावली. शाहू महाराज भेटायला आले ते या चाळीत. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदेला बाबासाहेब गेले, तेव्हाही घर हेच. दादरचं राजगृह त्यानंतरचं. राजगृहाला आपण जातो, जायलाच हवं. पण विद्वानाचं ग्रंथांनी भरलेलं घर दाखवणं आणि त्या विद्वानाने कामगार चाळीतल्या दोन खोल्यांत, पोरांच्या आरडाओरड्यात आणि स्टोव्हच्या आवाजात काय काय लिहिलं ते दाखवणं, यात फरक आहे. आज आठ बाय दहाच्या खोलीत यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला यातली कुठली जागा जास्त धीर देईल?

तिथून दामोदर हॉल फार लांब नाही. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी इथेच बैठक बोलावली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. सभेची कचेरीही याच हॉलमध्ये. आपल्या सगळ्या संघटनांची, सगळ्या फुटींचीसुद्धा, आजी म्हणावी अशी ही सभा. नोव्हेंबर २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं आणि पाडकाम सुरू झालं. नाट्यकर्मी रस्त्यावर आले, सरकारला लक्ष घालावं लागलं. त्यांनी योग्यच केलं, कामगार रंगभूमीचं ते हक्काचं घर होतं. पण आम्ही त्या दिवसांतल्या बातम्या वाचल्या त्या सगळ्यांत रंगभूमीचा वारसा होता, बहिष्कृत हितकारिणी सभेचं नाव आम्हाला एकाही बातमीत दिसलं नाही. नाटकवाल्यांना दोष देत नाही. त्यांना त्यांची जागा माहीत होती म्हणून ते पोचले. सभेच्या शताब्दीला जेमतेम चार महिने राहिले होते. आपण कुठे होतो?

परतताना एल्फिन्स्टनचा पूल ओलांडायचा होता. पूल नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो बंद झाला, शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून निघाली ती पोयबावडी, एल्फिन्स्टन पूल, सयानी रोड, गोखले रोड अशी दादरच्या स्मशानभूमीपर्यंत गेली. आमच्यापैकी एकाचे आजोबा त्या गर्दीत होते. पुलावर मुंगीला जागा नव्हती, आपण चालत नव्हतो, गर्दी आपल्याला नेत होती, असं ते सांगायचे. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपण त्या पुलावरून गेलो, बहुतेकांना त्याचा हा संबंध ठाऊकही नसताना. नवा पूल होईल, तो दुमजली आणि रुंद असेल. त्याच्या खांबावर एक ओळ कोरायला किती सिमेंट लागतं?

आता कुणी म्हणेल, इतिहास काय विटांत असतो? विचार जपा. हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं, पण ते नेहमी आपल्यालाच ऐकवलं जातं. २०१८ मध्ये दक्षिण मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे कुणी म्हटलं नाही की विटा सोडा, विचार जपा. मरीन ड्राइव्हच्या त्या गोलाकार गॅलऱ्या आमच्या बीडीडीहून वयाने लहान आहेत. त्यांचा प्रत्येक जिना, प्रत्येक जाळी कागदावर उतरलेली आहे. कारण त्या घरांत राहणाऱ्यांना आपलं जगणं नोंदवण्यालायक आहे याबद्दल कधी शंकाच नव्हती. आपल्याला मात्र इंदू मिलच्या स्मारकावर समाधान मानायला शिकवलं जातंय. साडेबारा एकर जमीन आपण लढून मिळवली, त्याचा अभिमान आहे. पण उंच पुतळ्याकडे मान वर करून बघताना पायाखालचं परळ सरकत गेलं तर ती लढाई अर्धीच राहिली.

आणि फक्त सरकारवर आणि बिल्डरवर बोट ठेवून चालणार नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे, अंधारात, दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं. बुद्धभूषण प्रेस त्याच आवारात. इमारत धोकादायक होती की नव्हती, अधिकार कुणाचा, या वादात इथे शिरत नाही. पण ती पाडणारे परके नव्हते. १९ जुलैच्या मोर्चात आम्हीही गेलो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. परत आल्यावर आम्हाला वाटलं की आपण वारसा वाचवणारे आहोत.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या चाळीतल्या मंडळाची खोली रिकामी करायची वेळ आली. ट्रान्झिटला जायचं होतं, सामान ठेवायला जागा नव्हती. एक लोखंडी ट्रंक निघाली. त्यात जयंतीच्या वर्गणीच्या वह्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या, १९६० च्या दशकापासूनच्या. खोली नंबर, नाव, रक्कम. आठ आणे, एक रुपया. विहारासाठी कुणी किती विटा दिल्या. ७४ च्या दंगलीनंतर कोणाच्या जामिनासाठी किती गोळा झाले. आमच्यातल्या एकाने एक वही उघडली, त्यात त्याच्या आजीचं नाव होतं, पुढे दोन रुपये आणि डाव्या हाताचा अंगठा. सगळे हसले, फोटो काढला. मग संध्याकाळी टेम्पो यायचा होता, घाई होती, आणि ती ट्रंक भंगारवाल्याला आणि वह्या रद्दीवाल्याला गेल्या. किलोच्या भावाने. कुणी विकल्या? आम्हीच. मोर्चात घसा बसलेल्या त्याच माणसांनी. त्या एका पानाचा मोबाइलवरचा फोटो एवढंच शिल्लक आहे, आणि तोही हललेला.

म्हणून हा लेख लिहायचा आम्हाला फारसा अधिकार नाही, तरी लिहितोय. वरळीतल्या बऱ्याच चाळी अजून उभ्या आहेत, शिवडीतल्याही. आम्ही दर रविवारी एका घरी जाऊन बसतो. रेकॉर्डिंग मोबाइलवरच होतं. पहिल्यांदा आम्ही आंदोलनाचे प्रश्न विचारायचो, पुढाऱ्यांची नावं विचारायचो, आणि म्हाताऱ्या बाया "ते बाबा गेल्यांना माहिती" म्हणून गप्प व्हायच्या. मग एकीला विचारलं, आई, पाणी किती वाजता यायचं? ती पावणेदोन तास बोलली. नळावरच्या भांडणातून धर्मांतराच्या वर्षी देव्हाऱ्यातले देव कुणी कुठे नेऊन सोडले इथपर्यंत आली. कुठल्या खोलीत कोण राहायचं ते पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने न अडखळता सांगितलं. वीस दारं. आम्ही नकाशा काढत गेलो.

तुमच्या घरी जुने फोटो असतील तर आज रात्रीच त्यांच्या मागे पेन्सिलीने नाव, साल आणि खोली नंबर लिहा. शाई फुटते, पेन्सिल टिकते. भाडेपावत्या, गिरणीचे पास, लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं टाकू नका. मंडळाच्या वह्या असतील तर आधी पानन् पान फोटो काढा, मग कुठे ठेवायच्या ते बघू. येत्या रविवारी आम्ही नायगावला आहोत, दुपारी जेवणं झाल्यावर. ज्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल त्या घरी आधी जाऊ.

जयभीम.