वळायचं कुणी?

यंदा नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला तसा होडीचा दांडा मी पुतणीच्या हातात दिला. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, पण तिन्हीसांजेला लांबचा दिवा अजून फुटून दोन दिसतो आणि दोन होड्यांमधलं पाणी पूर्वीसारखं नजरेत बसत नाही. गरवायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हे सांगत नाही. पोरीला शिकवतोय, एवढंच सांगतो.

शिकवायला फारसं उरलं नव्हतं. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आणून खडप कसं शोधायचं, भांगाच्या पाण्यात सुरमई का रुसते, तांबोशीला दोरी किती सैल द्यायची, हे तिने माझ्या पाठीमागे बसून कधीच उचललं होतं. अडलं ते एकाच जागी. वाट आपली आहे, समोरच्याने वळायला हवं, आणि तो वळत नाही. अशा वेळी आपण किती वेळ सरळ जायचं? उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि कळलं, माझ्याकडचं उत्तर नजरेबरोबरच गेलंय.

नियम आहेत. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले आणि १९७७च्या जुलैपासून जगभर लागू झालेले. त्यांचं पुस्तक पुतणीने आणलं. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, समोरासमोर आलो तर दोघांनी उजवीकडे वळावं, मागून पुढे जाणाऱ्याने लांबून जावं, हे आम्हाला पुस्तकाआधीपासून पाठ होतं. पण सतरावा नियम तिने वाचून दाखवला तेव्हा मी गप्प बसलो. ज्याची वाट आहे त्याच्यावरही नियमाने ओझं टाकलंय. त्याने दिशा बदलायची नाही, वेग बदलायचा नाही, कारण दुसरा त्याच्या सरळ जाण्याच्या भरवशावर वळणार असतो. दुसरा वळत नाही हे स्पष्ट दिसलं की मग त्याला वळायची मुभा. आणि समोरच्या एकट्याच्या वळण्याने आता भागणार नाही इतकी बोट जवळ आली, की वळणं सक्तीचं.

मुभा आणि सक्ती यांच्यामध्ये किती पाणी? पुस्तकात मीटर दिलेले नाहीत. माझा सगळा अडाणीपणा आणि सगळी हुशारी त्या न दिलेल्या मीटरांत आहे.

टक्कर होणार की नाही, हे ओळखणं सोपं. आमच्या फायबरच्या होडीच्या काठावर नांगराची दोरी अडकवायला लोखंडी खुंटी आहे. येणारी बोट त्या खुंटीच्या रेषेत धरायची आणि डोकं हलवायचं नाही. बोट खुंटीच्या पुढे सरकत गेली तर ती आपल्या पुढून जाणार, मागे सरकली तर मागून. सरकलीच नाही आणि नुसती मोठी होत गेली, तर ती आपल्या अंगावरच येतेय. हे शाळेतल्या पोरालाही दाखवता येतं. खुंटी धोका सांगते. वळायची वेळ सांगत नाही.

माझं त्या वेळेचं माप म्हणजे माणसाचा चेहरा. लाकडी होड्यांचे तांडेल मागे उघड्यावर उभे असायचे. येणाऱ्या होडीवरच्या तांडेलाचा चेहरा ओळखू आला, आणि त्याने माझ्याकडे बघितलंय असं दिसलं, की मी सरळ जायचो. तो वळायचाच. चेहरा दिसला पण नजर दुसरीकडे असली, तर एक आरोळी ठोकायची. तरीही तोंड वळलं नाही तर दांडा फिरवायचा. मीटर मी कधी मोजलेच नाहीत. माझ्या डोळ्याला माणूस ओळखू येण्याचं जे अंतर, तेच मुभा आणि सक्ती यांच्यामधलं पाणी. आता तो चेहरा मला फार उशिरा दिसतो. आणि पुतणीचे डोळे घारीचे असले तरी तिला दिसायला चेहराच उरलेला नाही. ट्रॉलरची नाळ उंच, केबिन आणखी उंच, पुढच्या काचेवर खारं पाणी वाळून पांढरं झालेलं. आमच्यासारखी बुटकी होडी त्या नाळेखाली आली की आतल्या माणसाला दिसतच नाही.

ट्रॉलरबद्दल मी निःपक्ष लिहीन अशी अपेक्षा कुणी करू नये. आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटी यांचं भांडण जुनं आहे. १९८१चा सागरी मासेमारी कायदा आहे, एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला २०१७पासून बंदी आहे, आणि तरी अमावास्येच्या आसपास लांब क्षितिजावर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. हा राग मनात धरून मी पाण्यावर जातो. आणि पाण्यावर नियम काय सांगतो? जाळं ओढणारा ट्रॉलर मासेमारी करतोय, त्याला पटकन वळता येत नाही, तेव्हा त्याला वाट द्या. मी मागे रापाला, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, सोडून सुरमईसाठी ट्रोलिंग करत जातो, ती मात्र नियमाच्या लेखी मासेमारी नव्हेच. तसं स्पष्ट लिहिलंय. मागे दोन दोऱ्या ओढणारी होडी सहज वळू शकते, म्हणून तिला इतर कुठल्याही इंजिनवाल्या होडीसारखंच वागवायचं. ज्याच्या नावाने बंदरावर बोटं मोडायची, त्यालाच बाहेर जाऊन वाट द्यायची. हे पचायला मला खूप दिवस लागले. नियम बरोबर आहे, एवढं कबूल करतो. दोनशे मीटर तारेवर जाळं ओढणाऱ्याला कुठे वळवणार?

पण ही सवलत जाळं पाण्यात असेपर्यंतच. जाळं वर आलं, बोट बंदराकडे निघाली, की ट्रॉलर आणि मी सारखेच. हे ट्रॉलरवाल्यांच्या गावीही नसतं. हिरव्याखाली पांढरा हा जाळं ओढत असल्याचा दिवा काही जण बंदरात शिरेपर्यंत तसाच पेटता ठेवतात. दिवसा मी त्याच्या मागच्या अंगाकडे बघतो: तारा ताणलेल्या दिसतात का? रात्री दिव्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि दिवा खोटं बोलतो.

कार्तिकातली एक संध्याकाळ. निवती रॉकच्या बाजूने आम्ही मालवणकडे परतत होतो. दोन पाहुणे, मागे दोन दोऱ्या, दांडा पुतणीकडे. डावीकडून, म्हणजे खोल समुद्राच्या बाजूने, एक ट्रॉलर किनाऱ्याकडे येत होता. सूर्य त्याच्या पाठीमागे टेकलेला, त्यामुळे बोट म्हणजे नुसती काळी आकृती. तारा नाहीत, वेग पूर्ण, नाळेशी फेस. त्याच्या उजव्या हाताला आम्ही, तेव्हा वळायचं त्याने. मी खुंटीकडे बघितलं. पुतणीही तिकडेच बघत होती. आकृती हलली नाही, मोठी झाली.

“काकानू, तो वळूचो नाय.”

“थांब गो जरा. वाट आपली आसा.”

“वाट आपली आसा, पण तेका म्हायत आसा काय?”

असा ट्रॉलर नऊ नॉटने येत असेल तर मिनिटाला पावणेतीनशे मीटर पाणी कापतो. आमचा सवाल-जवाब चालला तेवढ्यात शंभरेक मीटर गेले असतील. मी त्याच्या केबिनमध्ये चेहरा शोधत होतो. पुतणीने दांडा डावीकडे ओढला, होडी उजवीकडे फिरली आणि पूर्ण गोल घेत त्याच्या मागे आली. डावीकडून येणाऱ्यासाठी डावीकडे वळायचं नसतं, म्हणून उजवीकडेच. दोन्ही दोऱ्या एकमेकींत अडकल्या, एक रापाला तुटून गेला, पाहुण्यांपैकी एकाने हळहळून तोंडाने आवाज काढला. ट्रॉलर आमच्या आधीच्या रेषेवरून सरळ निघून गेला. केबिनचं बाजूचं दार उघडं होतं. चाकाशी कुणी नव्हतं.

तिने बरोबर केलं. तरी घरी येईपर्यंत मी फुरंगटून बसलो होतो, आणि रापाल्याचं दुःख हे त्याचं कारण नव्हतं. माझी होडी ओळखून लोक वाट देतात याचा मला माज आहे. काठावरचा केशरी पट्टा मी दर पावसाळ्यात नव्याने रंगवतो, तो लाकडासाठी म्हणावं तर होडी फायबरची आहे. तो पट्टा दिसावा म्हणून रंगवतो. कुणी वळून वाट दिली की मी त्याच्याकडे बघतही नाही, दोरी गुंडाळण्यात गर्क असल्याचं सोंग करतो. संध्याकाळी जेटीवरच्या चहाच्या टपरीवर मात्र कोण वळला, कुठे वळला, याचं वर्णन मीच करतो. माझ्या होडीने पुतणीच्या हातून गोल फिरावं, तेही पाहुण्यांसमोर, हे मला झोंबलं. हा मोठेपणा असाच आहे. वयाने कमी झालेला नाही.

पुतणीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, सतरा नंबरची वेळ येऊच द्यायची नाही. खुंटीच्या रेषेत कुणी यायच्या आधीच, दोन किलोमीटरवर असताना, थोडं वळून मोकळं व्हायचं. यात तथ्य आहे, कारण टकरीची शक्यताच उभी राहिली नसेल तर सरळ जाण्याचं ओझंही आपल्यावर नसतं. पण मोसमात मालवणच्या समोर इतक्या बोटी असतात की एकाला टाळायला वळलं की दुसऱ्याच्या रेषेत शिरतो. आणि एकदा बोट जवळ आल्यावर, वाट आपली असताना आपण अर्धवट वळलो, आणि त्याच क्षणी समोरच्यालाही जाग येऊन तो वळला, तर दोघेही एकमेकांच्या अंगावर. म्हणून अर्धवट वळू नये. वळायचं तर लांबून दिसेल इतकं, भरघोस. तिचा तो पूर्ण गोल मला म्हणूनच नाइलाजाने पटतो.

गरवणाऱ्यांमध्ये आपापसात हा प्रश्न इतका धारदार नाही, पण रीत तिथेही ढिली झालीय. खडपावर आम्ही इंजिन बंद करून पाण्याच्या ओढीबरोबर वाहत जातो. नव्याने आलेल्याने लांबून वळसा घालून वरच्या अंगाला जायचं आणि रांगेत शेवटी लागायचं. आता मोबाईलवर एका बोटाने खडपाची खूण दुसऱ्याकडे जाते. येणाऱ्याला जागा कळलेली असते, रीत कळलेली नसते. तो इंजिन चालू ठेवून सगळ्यांच्या दोऱ्यांवरून थेट मधोमध येतो आणि वर हात हलवून नमस्कार करतो. जेट-स्कीवाल्यांविषयी तर बोलायलाच नको, त्यांना मासा लागलेली होडी म्हणजे बघायला जवळ जाण्याची गोष्ट वाटते. दोरीवर सुरमई धावत असताना त्या होडीच्या मागच्या पाण्यात कुणी शिरू नये, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते बापाने पोराला सांगायचं असतं.

देवबागला कर्लीच्या मुखाशी मात्र जुनी रीत अजून टिकून आहे. मुखावर लाट फुटत असली की आत येणाऱ्याला आधी वाट. त्याला लाट मागून ढकलत असते, थांबला तर आडवा होऊन उलटेल. बाहेर जाणारा लाटेला तोंड देऊन जागच्या जागी उभा राहू शकतो. तिथे मी कुणाला वाद घालताना बघितलेलं नाही, कारण तिथे न वळणाऱ्याला समुद्रच लगेच शिकवतो. शिवाय मुख अरुंद, माणसं एकमेकांना दिसतात. तिथे नांगर टाकून गरवत बसणाऱ्यांची मला चीड येते. अरुंद वाटेत मासेमारी करणाऱ्यानेही येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवायची नाही, हा नवव्या नियमातला भाग मी त्यांना ओरडून सांगतो. ओरडताना बरंही वाटतं.

उघड्या समुद्रात चेहरे परत येणार नाहीत. आता पुतणीने स्वतःचं माप धरलंय: खुंटीच्या रेषेतून बोट हलत नसेल तर भोंग्याचे पाच तोकडे आवाज, मग मनात तीस आकडे, आणि तोवर समोरच्याची नाळ हलली नाही तर उजवीकडे पूर्ण गोल. ती समोरच्याची नजर शोधत नाही. तो बघत नाही असं धरूनच चालते. मला हे धरून चालणं आवडत नाही, समुद्रावर असं परक्यासारखं राहणं मी शिकलो नाही. पण माझं माप आता चालत नाही आणि तिचं चालतं.

तेव्हा यंदाच्या मोसमात आमच्याबरोबर गरवायला आलात, दोऱ्या पाण्यात आहेत, कुठेतरी मासा लागायच्या बेतात आहे, आणि तिने काही न सांगता होडी उजवीकडे गरकन फिरवली, तर हळहळू नका आणि वाट आपली होती ना, असं तिला विचारू नका. मला विचारलंत तरी चालेल. दोरी तुटून गेलेल्या रापाल्याचे पैसे आम्ही घेत नाही.