कातड्याचे जोडे

आपल्या मराठीत कृतज्ञतेची परमावधी कातड्यापाशी येऊन थांबते. 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले, तरी तुमचे उपकार फिटायचे नाहीत,' असे आपण म्हणतो. आणि म्हणणारा व ऐकणारा असे दोघेही पुढच्याच क्षणी चहाच्या कपाकडे वळतात. एरवी कातडीला भाषेत फारसा मान नाही. कातडी बचावणारा तो भित्रा, गेंड्याच्या कातडीचा तो निगरगट्ट. मीही वर्गात पाच ज्ञानेंद्रिये शिकवताना डोळा आणि कान यांवर तास खर्ची घालीत असे, आणि घंटा व्हायला दोन मिनिटे उरली की त्वचा उरकून टाकीत असे. हे इंद्रिय अंगावरून गेले म्हणजे माणसाचे काय होते, ते मला २०१४ च्या दिवाळीत आमच्या घरात समजले.

वहिनी चकल्या तळत होत्या. फडताळावरचा डबा काढायला त्या शेगडीवरून वाकल्या आणि पदर पेटला. साडी सुती नव्हती. त्या कापडाचा गुण असा, की ते नुसते जळत नाही, वितळते आणि अंगाला चिकटते. दादाने सतरंजी गुंडाळून आग विझवली. तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. एकीच्या हातात दातांची पेस्ट, दुसरीच्या हातात शाईची दौत, तिसरीने बटाटा किसायला घेतलेला. सगळ्या मायेच्याच, परंतु त्या मायेला बाजूला सारून आई वहिनींना न्हाणीघरात घेऊन गेली आणि नळाखाली बसवून राहिली. तिला हे कुणी शिकवले होते कोण जाणे! डॉक्टर पुढे म्हणाले की निम्मे औषध तिथेच झाले. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून एवढे सांगून ठेवतो: भाजल्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी, आणि दुसरे काहीही नाही. बर्फसुद्धा नाही.

माणूस किती भाजला हे मोजण्याचे माप मोठे घरगुती आहे. ज्याचा त्याचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का. वहिनींचे असे बावीस तळहात भरले: उजवा हात बोटांपासून काखेपर्यंत, मान, हनुवटी आणि छातीचा बराचसा भाग.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढले. आत काय विचारणार हे बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सून भाजली, आणि घरात सासू आहे. आपल्याकडे ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की तिसरे आपोआप तयार होते. त्या वॉर्डात ते तिसरे वाक्य खरे असलेल्या मुलीही होत्या, आणि स्टोव्हचा भडका उडाला एवढेच भिंतीकडे पाहत सांगणाऱ्याही होत्या. आईकडे लोक वळून वळून पाहत होते. मला संताप आला. आई मात्र म्हणाली, "विचारू दे. विचारायलाच हवं. किती जणींना कुणी विचारलंच नसेल." तासाभराने दार उघडले, तेव्हा तिच्या जपमाळेचा दोरा तुटून मणी ओच्यात पडलेले मी पाहिले. तिने ते एकेक मोजून रुमालात बांधले.

त्यानंतरचे दिवस मलमपट्टीचे. त्यांचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ते नको असेल. कातडी गेली की आतले पाणी पाझरत राहते, ऊब टिकत नाही, जंतूंना दार मोकळे होते, आणि शरीर स्वतःचेच मांस जाळून जखम भरू पाहते. म्हणून अशा रोग्याला अन्न भरपूर लागते, त्यातही प्रथिने. डॉक्टरांनी अंडी सांगितली. आमच्या घरात अंडे कधी उंबरा ओलांडून आले नव्हते. आई नळावर जाऊन पाय धुऊन आली आणि म्हणाली, "एक पातेलं निराळं काढते." मग रोज सकाळी सहा अंडी उकडून, सोलून, मीठ-मिरपूड लावून ती डब्यात भरी. वास सहन होत नसे म्हणून नाकाला पदर. वहिनींनी पहिल्या दिवशी तोंड फिरवले, तर म्हणे, "मी शिजवलंय ते तू खायचं. पापाचं माझं मी बघीन."

जखमा उघड्या ठेवता येत नव्हत्या आणि स्वतःची कातडी काढण्याइतकी वहिनींना ताकद नव्हती. अशा वेळी त्वचापेढीतली कातडी लावतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्ये अशा पेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती काढायची, ग्लिसरीनमध्ये ठेवायची, की ती पाच वर्षेपर्यंत टिकते. रक्तगट जुळावा लागत नाही. मात्र ती कायमची रुजत नाही. दोन-तीन आठवडे पांघरूण घालते, तेवढ्यात जखमेला उसंत मिळते, आणि मग शरीर तिला परके ठरवून टाकून देते. डॉक्टरांनी हे समजावले तेव्हा आईने विचारले, "बाईची की पुरुषाची?" ते सांगत नाहीत म्हणाले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याचं दिवसपाणी नीट झालं असेल ना हो?"

पुढे वहिनींच्या मांडीची कातडी घेतली. बटाट्याचे साल काढावे इतकी पातळ, कागदासारखी. ती जखमेवर पसरली की पहिले दोन दिवस नुसत्या पाझरावर जगते; मग खालून रक्ताच्या बारीक वाहिन्या तिच्यात शिरतात. पाचव्या दिवशी पट्टी उघडायची. गुलाबी दिसली तर रुजली. आमच्याकडे भाताची रोपे लावून आठवड्याने शेतकरी बांधावर जाऊन उभा राहतो, तसा दादा त्या दिवशी उभा होता.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी नंतर शोधून वाचली. या विद्येचा एक धागा आमच्या पुण्याला येऊन पोचतो. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचे नाक थापून पाहिले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी मूळ जागी जोडलेलीच ठेवली, म्हणजे नवी जागा पोसू लागेपर्यंत जुनी जागा तिला पोसते. सांध्यावर काताचा लेप दिलेल्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले फडके, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी तोडायची. हे पाहायला दोन इंग्रज डॉक्टर हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत चित्रासह आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने पुष्कळ अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. रोग्याचे नाव इतिहासात राहिले, पाहणाऱ्यांची राहिली, चित्रकाराचेही राहिले. ज्याच्या बोटांत ती कला होती त्याची फक्त जात लिहिली गेली. हे आपल्याकडे नवीन नाही.

घरी आल्यावर आमची समजूत, की संपले. वास्तविक तिथून खरे काम सुरू होते. भाजल्याचा व्रण जिवंत असतो. तो महिनोन् महिने आवळत राहतो. वहिनींची बोटे आत वळू लागली, दंड बरगडीला चिकटू पाहू लागला. अंगाबरोबर घट्ट बसणारे कपडे दिवसाचे तेवीस तास घालायचे, रात्री हाताला पट्टी बांधून तो ताणून ठेवायचा, सकाळी बोटे एकेक करून उघडायची. दुखण्यापेक्षा खाज अधिक. शिवाय लावलेल्या कातडीला घाम येत नाही. वैशाखात वहिनी ओला पंचा गळ्याभोवती घेऊन पंख्याखाली बसून असत. दादा ऑफिसातून आला की दोघे समोरासमोर बसून बोटांचा व्यायाम करीत. लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर ते पहिल्यांदाच एकमेकांचा हात धरून बसलेले आम्ही पाहिले. आणि वहिनी त्या वेळी दादाला काय काय बोलत ते छापता येणार नाही.

वर्षाने काखेची शस्त्रक्रिया झाली. आवळलेल्या कातडीच्या दोरीवर इंग्रजी झेड अक्षरासारखा छेद घेतात, दोन त्रिकोण मोकळे होतात, आणि त्यांची अदलाबदल करून शिवतात. दोरी तेवढी लांब होते. साठ अंशांचा कोन असेल तर हिशेबाने जवळजवळ पाऊणपट. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे आकृती काढून दाखवली. भूमितीचा मुलांना पुढे काय उपयोग, असे विचारणाऱ्या पालकांसाठी ती चिठ्ठी मी शाळेच्या टेबलात जपून ठेवली आहे. शस्त्रक्रियेनंतर वहिनींना आपली वेणी आपण घालता आली.

राहिले लोक. दुसऱ्या महायुद्धात आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाच्या न्यूझीलंडच्या सर्जनने इंग्लंडात ईस्ट ग्रिनस्टेड या गावी भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा बऱ्या भरतात हे पाहून त्याने मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली. त्याचबरोबर त्याने त्या गावालाही कामाला लावले: या पोरांना घरी बोलवा, आणि टक लावून पाहू नका. गावाने ते ऐकले. त्या रोग्यांनी १९४१ साली आपला एक क्लबही काढला. युद्ध संपेपर्यंत त्यात ६४९ जण झाले होते. खजिनदार असा निवडला, की ज्याचे पाय भाजलेले. म्हणजे पैसे घेऊन पळायला नको.

आमच्या इमारतीला कुणी मॅकिंडो भेटला नाही. टक लावून पाहणारे होतेच. पण त्यांच्याहून वहिनींना न पाहणारे जड जात. हळदीकुंकवाला बायका त्यांच्या कपाळाकडे तेवढे पाहत, आणि वाण देताना ताट जरा लांबून पुढे सरकवीत. एका घरी तर नंतरच्या वर्षी बोलावणेच आले नाही. तळमजल्यावरची पाच वर्षांची एक मुलगी मात्र थेट म्हणाली, "काकू, तुमचा हात वितळलाय का?" वहिनींनी तिला जिन्यात बसवून घेतले, कुठली कातडी कुठून आणली ते दाखवले, हात लावून पाहू दिला. ती पोर मग इमारतभर सांगत सुटली की काकूंच्या हातावर पाय आहे. त्या आठवड्यात चार बायका घरी येऊन गेल्या.

आई २०२३ च्या माघात गेली. पहाटे. घरात रडारड सुरू झाली, गावाकडे फोन लागू लागले, आणि वहिनी उठून आईच्या पोथीतून एक कागद काढून आल्या. तो दोघींनीच कधीतरी भरून ठेवला होता. आम्हा भावांना पत्ता नव्हता. थोरले मामा म्हणाले, "आता देहाची विटंबना कशाला?" वहिनींनी काही उत्तर दिले नाही. ब्लाऊजची उजवी बाही वर केली आणि फोनचे आकडे त्या वाकड्या बोटांनी दाबले. मामा पुढे बोलले नाहीत.

दोन तासांत मंडळी आली. पाऊण तास दार लोटून घेतले होते. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ. तीही वरची पातळ कातडीच. नंतर नीट पट्ट्या बांधून, लुगडे नेसवून त्यांनी आईला आमच्या हवाली केले. चेहरा होता तसाच होता. जाताना त्यांच्यातल्या मुलीने आईच्या पायांवर डोके ठेवले. वहिनींनी तिला विचारले, "किती दिवसांनी लागते?" ती म्हणाली, तपासण्या होऊन तयार व्हायलाच काही आठवडे जातात, मग ज्याला गरज पडेल त्याला, कुणाला ते कळवता येत नाही.

परवा फराळाची यादी करताना वहिनी मध्येच थांबल्या. "भाऊजी," म्हणाल्या, "आई अजून पेढीतच असतील, की गेल्या असतील कुणाकडे?"

मी म्हटले, कोण जाणे.

"थंडीत आहेत बिचाऱ्या," म्हणाल्या, आणि यादीत अर्धा किलो बेसन वाढवले.