चर्चगेट ते वसई रोड

धाकट्या मुलाने पाठविलेला तो खेळ दिसायला अगदी साधा. संगणकाच्या पडद्यावर मुंबईच्या लोहमार्गांच्या नुसत्या रेषा असतात. स्थानकाचे नाव आठवून टंकले की त्या जागी ठिपका उमटतो. जे आठवत नाही, ते रिकामे राहते. मुले तो करमणूक म्हणून खेळतात. आमच्या घरी मात्र तो धास्ती घेऊन आला. हिची स्मृती हळूहळू क्षीण होत जाईल, असे डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितले होते.

२०१२ साली निवृत्त होईपर्यंत ३१ वर्षे हिने वसई रोडहून चर्चगेटला जाऊन नोकरी केली. तरी त्या दिवशी 'दादर' आणि 'मालाड' एवढे सांगून ती थांबली आणि ओशाळून माझ्याकडे पाहू लागली. काय करावे सुचेना. सहज म्हणालो, "चर्चगेटहून गाडी सुटली."

तिने डोळे मिटले. "मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल..." जपमाळेचे मणी सरकावेत तशी नावे येऊ लागली. माझी बोटे मागे पडली.

लोअर परळनंतर ती "एल्फिन्स्टन रोड" म्हणाली. पडद्यावर काही उमटेना. २०१८ साली त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले आहे. तिला चूक ठरवणे माझ्या जिवावर आले. मी गुपचूप नवे नाव टंकले. विलेपार्ल्याला ती किंचित हसली, "बिस्किटांचा वास येतोय." तो कारखाना २०१६ सालीच बंद झाला. जोगेश्वरीवरून ती थेट गोरेगावला पोहोचली. मधले राम मंदिर स्थानक २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाले. तो ठिपका मी रिकामाच ठेवला. जिथे तिची गाडी कधी थांबलीच नाही, तिथे मी ती का थांबवावी?

भाईंदर मागे पडले. खाडीवरचा वारा लागावा तसा तिने पदर सावरला. "नायगाव," ती म्हणाली, आणि मग, "वसई रोड." पुढे नालासोपारा, विरार उरले होते. मी वाट पाहिली. पण तिने डोळे उघडले होते. शेजारची पिशवी खांद्याला अडकवून ती उठून उभी राहिली.

खेळाच्या हिशेबाने २९ पैकी २६ झाली होती.

"अहो, स्कूटर कुठे लावलीत?" तिने विचारले.

संध्याकाळी तिला आणायला मी स्कूटर घेऊन स्थानकावर जात असे. ती विकूनही आता बरीच वर्षे झाली.

"बाहेरच आहे," मी म्हणालो, आणि तिचा हात धरून तिला अंगणात घेऊन गेलो.