ग्लेनफार्नचा नाचाचा हॉल

आयर्लंडला जाऊन आलेली मंडळी समुद्रकडे आणि किल्ले यांचं वर्णन करतात. मी मात्र तुम्हांला एक साधा हॉल दाखवणार आहे. स्लायगोहून एनिस्किलनकडे निघालं की लीट्रिम परगण्यात ग्लेनफार्न गाव लागतं. पाणथळ जमीन, चरणाऱ्या गाई आणि सारखा भुरभुरता पाऊस. रस्त्याच्या कडेला 'रेनबो बॉलरूम'. जॉन मॅकगिव्हर्न यांनी तो १९३४ साली बांधला.

पूर्वी इथं लग्नं जमवायची ती मध्यस्थांनी. जमीन किती, गाई किती, मुलगी हुंडा काय आणणार? ऐकून मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं! नाच होते, पण ते शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात, वडीलधाऱ्यांच्या देखत. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला. घरचे नाच हळूहळू मागे पडले आणि तरुण मंडळी सायकली काढून हॉलकडे निघाली. तिथे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप!

"मुलगे एका भिंतीला, आम्ही दुसऱ्या," चहा ओतता ओतता एक आजीबाई सांगत होत्या. "मधली फरशी म्हणजे नदीच हो! बँड सुरू झाला, की जो तो धावत यायचा." हॉलमध्ये दारू मिळत नसे. नाच संपल्यावर त्याने "लेमोनेड घेणार का?" असं विचारलं, की समजायचं, स्वारीच्या मनात काहीतरी आहे. मॅकगिव्हर्न तर मधेच गाणं म्हणून मुलामुलींना एकमेकांची ओळख करून घ्यायला लावत. बोलायला लाजणाऱ्या मुलाला पावलं येत असली, की निम्मं काम झालं. आपल्याकडे पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या मुलीला एवढी तरी सोय कुठे होती?

आजींचे यजमान क्विकस्टेप शिकले ते गोठ्यात, खुर्चीला कवटाळून. "पहिल्या रात्री त्यांनी माझे दोन्ही पाय तुडवले. पण पुढच्या आठवड्याला पुन्हा आले ना!" हे सांगताना त्या लाजल्या. वय असेल नव्वदीच्या आसपास.

याच हॉलवरून विल्यम ट्रेव्हर यांना 'द बॉलरूम ऑफ रोमान्स' ही कथा सुचली. ती १९७२ साली पुस्तकात आली, १९८२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्यातल्या ब्रायडीला मात्र वर्षानुवर्षं नाचूनही मनासारखा जोडीदार मिळत नाही.

मी ते बोलून गेले, तेव्हा आजी जरा गप्प झाल्या. त्यांचे थोरले बंधू दर आठवड्याला हॉलवर यायचे आणि टोपी हातात धरून दारापाशीच उभे राहायचे. नाच शिकायची लाज वाटायची. बरोबरीच्या मुली एकेक करून इंग्लंड-अमेरिकेला निघून गेल्या. शेत त्यांच्या नावावर झालं. पण घरात दुसरा कप शेवटपर्यंत लागला नाही.

निघताना आजींनी माझा हात धरला आणि वॉल्ट्झची तीन पावलं घालून दाखवली. मी निऱ्या सावरत कशीबशी मागे गेले. "तीनच आहेत गं," त्या म्हणाल्या, "मोजत राहा."