काय निघालं रिपोर्टात?

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत नायक पहिल्याच पानांवर मेलेला असतो. कोर्टातले त्याचे सहकारी वर्तमानपत्रात काळ्या चौकटीतली बातमी वाचतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात हिशेब सुरू होतो : आता त्याची जागा कुणाला, आणि मग आपली बढती कुठवर? त्यानंतर कथा मागे जाते. पंचेचाळीस वर्षांचा हा न्यायाधीश नव्या घरात पडदे कसे हवेत हे कारागिराला दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, आणि त्याची कूस खिडकीच्या मुठीवर आपटते. मार किरकोळ असतो. दुखणं मात्र जात नाही.

ही कथा १८८६ साली छापली गेली. तूला इथल्या न्यायालयात इव्हान इल्यिच मेचनिकोव्ह नावाचा एक अधिकारी होता, तो १८८१मध्ये वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांबद्दल टॉलस्टॉयच्या कानावर आलं होतं. पुढे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह हे त्याचेच भाऊ. म्हणजे कथेच्या मुळाशी एक खरंखुरं मरण आहे, आणि वाचताना ते जाणवतं.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तौलनिक साहित्याच्या पेपरासाठी आम्ही ही कथा आणि कठोपनिषद शेजारी शेजारी ठेवून वाचली. मॅडमनी प्रत्येकाला प्रतिसाद लिहायला सांगितला : मरणाविषयीचं साहित्य वाचून भरभरून जगण्याबद्दल काय वाटतं? वर्गातल्या बहुतेकांनी मनापासून लिहिलं. कुणाला लडाखला जायचं होतं, कुणाला न आवडणारा कोर्स सोडायचा होता, कुणाला एका मुलीला एकदाचं विचारून टाकायचं होतं. आजचा दिवस शेवटचा समजून जगावं, असा सगळ्यांचा सूर होता. बाविसाव्या वर्षी तो सूर लागणारच, आणि मी त्याला हसणार नाही. पण इव्हान इल्यिचच्या कथेत मला तो कुठेच सापडला नाही.

त्याचं काय राहून गेलं होतं? बढत्या मिळाल्या, घर मनासारखं सजलं, संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगायचा. शेवटी त्याला आपलं सगळं जगणंच खोटं वाटू लागतं, हे खरं. पण त्याआधी, आजारपणाच्या त्या लांबलचक महिन्यांत, त्याला सर्वांत जास्त छळतं ते आजूबाजूच्यांचं नाटक. डॉक्टर मूत्रपिंड की आंत्रपुच्छ याचा खल करत बसतात. बायको औषधाच्या वेळा चुकवल्या म्हणून रागावते. तो नुसता आजारी आहे, पथ्यपाणी सांभाळलं की उठून बसेल, असं घरातलं प्रत्येक जण धरून चालतं. बाहेरगावाहून आलेला मेहुणा त्याला पाहताच दचकतो. इव्हान इल्यिच चवड्यांवर चालत दाराशी जातो आणि पलीकडे मेहुणा काय बोलतोय ते चोरून ऐकतो. स्वतःच्या मरणाची बातमी माणसाला स्वतःच्या घरात दाराला कान लावून मिळवावी लागते. कथेतलं हे दृश्य मला किंकाळ्यांच्या त्या शेवटच्या तीन दिवसांपेक्षाही असह्य वाटतं.

एकच माणूस हे नाटक करत नाही. गेरासिम, खेड्यातून आलेला धट्टाकट्टा तरुण नोकर. तो मालकाची घाण कुरकुर न करता काढतो. पाय उंच धरले की मालकाला बरं वाटतं, म्हणून रात्र रात्र त्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसतो. सगळ्यांनाच कधीतरी मरायचं आहे, मग एवढ्या कष्टाचं काय, असं तो सरळ बोलून दाखवतो. इव्हान इल्यिचला त्या खांद्यांचा आराम मिळतो, आणि त्याहून मोठा आराम त्या सरळ बोलण्याचा.

हे मी वाचत होते तेव्हा आमच्या घरीही असंच चाललं होतं.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी आजोबांना सगळे आण्णा म्हणत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी हयात काढली. उसाच्या भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, वजाबाकी, पावती. निवृत्तीनंतरही बाजारातून आणलेली मेथीची जुडी ते हातात तोलून बघायचे. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी बाबांना आणि काकांना बाहेर पॅसेजमध्ये बोलावून घेतलं. आण्णा आत शर्टाची बटणं लावत होते. ‘पेशंटला इतक्यात सांगू नका, खचतील,’ एवढं बोलणं झालं आणि घरी येईतो ‘आतड्याला सूज’ ठरलीसुद्धा. आजीला तेच सांगितलं गेलं. फाइल कपाटावर, बॅगांच्या खाली गेली. दवाखान्यात जायच्या दिवशी आण्णांचा चष्मा घरी विसरायचा हेही ठरलं, कारण दवाखान्याच्या पाटीवर तो शब्द होता. परत येताना आण्णा विचारायचे, ‘काय निघालं रिपोर्टात?’ आणि बाबा समोर रस्त्याकडे बघत म्हणायचे, ‘काही नाही, पहिल्यापेक्षा बरंय.’

इव्हान इल्यिचच्या घरातलं खोटं सोयीपोटी होतं. मरणाचा विषय काढणं हे त्या घराच्या रीतीत बसत नव्हतं. आमच्या घरातलं खोटं मायेपोटी होतं. बाबा रात्री मागच्या पडवीत एकटे बसून रडायचे, ते मी पाहिलं आहे. या दोन खोट्यांना एका पारड्यात टाकणं अन्यायाचं होईल. पण अंथरुणावर पडलेल्या माणसापर्यंत ती पोचतात तेव्हा दोन्हींचा परिणाम एकच असतो : तो एकटा पडतो. आणि मायेचं खोटं जास्त चिवट, कारण त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

ही आपल्याकडचीच रीत आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी १९६१ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९मध्ये अमेरिकेतच तशी पाहणी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. मधली वर्षं अवघी अठरा. तेवढ्या काळात माणसांचं काळीज बदलत नाही. उपचार वाढतात, संमतीपत्रं येतात, बोलण्याची सवय होते.

कठोपनिषद मी याच दिवसांत वाचलं आणि मला ते वेगळंच दिसलं. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, म्हणून यम त्याला तीन वर देतो. पहिल्या वरात मुलगा मागतो की वडिलांचा राग जावो, त्यांचं मन शांत होवो. दुसऱ्यात अग्निविद्या. तिसऱ्यात मेलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे विचारतो, आणि तिथे प्रत्यक्ष यम टाळाटाळ करू लागतो. दुसरं काहीही माग, म्हणतो. शंभर वर्षं जगणारे मुलगे नातू घे, हत्ती घोडे घे, सोनं घे, रथातल्या अप्सरा घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. मृत्यूच्या देवतेलाही विषय बदलावासा वाटतो! यम जे देऊ करतो ती भरभरून जगण्याचीच यादी आहे, आमच्या वर्गाने लिहिली तिच्याहून कितीतरी मोठी. पोरगा ती परत करतो. नाचगाणी तुझी तुलाच राहू देत, म्हणतो, मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

एका संध्याकाळी सोप्यात मी वाचत बसले होते. आण्णांनी कसलं पुस्तक म्हणून विचारलं. मी इव्हान इल्यिचची गोष्ट सांगायला घेतली. कीर्तनं ऐकून तयार झालेला कान त्यांचा, मध्ये मध्ये प्रश्न विचारत ऐकायची सवय. दोन-तीन संध्याकाळी गोष्ट चालली. गेरासिमपाशी आल्यावर ते उठून बसले.

‘त्या पोराला मालकानं काय दिलं का?’

‘तसं काही लिहिलेलं नाही, आण्णा.’

‘द्यायला पायजे होतं.’ थोडं थांबून, ‘आणि त्या मालकाला शेवटपातूर कुणी सांगितलंच न्हाई?’

‘नाही. त्यानं दाराआडून ऐकलं.’

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझा चष्मा जवळचा हाय. वाचायचा. दवाखान्याच्या पाटीवरचं अक्षर हातभर असतंय, त्याला चष्मा कशाला लागतोय?’ आणि मी काही बोलायच्या आत, ‘तुझ्या बापाला तूच सांग, आण्णांना ठावं हाय म्हणून. मी सांगितलं तर त्यो रडंल.’

नचिकेत्याचा पहिला वर बापासाठी होता. आण्णांनी तो मुलासाठी मागितला. इतके महिने आम्ही त्यांना जपत होतो आणि ते आम्हाला.

बाबा रडलेच. पण त्या रात्री घरात पहिल्यांदा वेदनेबद्दल बोलणं झालं. आतड्याला साधी सूज असलेला माणूस किती कण्हणार? आण्णांनी कण्हणं दाबून ठेवलं होतं, कारण आमच्या गोष्टीत ते बसत नव्हतं. आता तालुक्याच्या डॉक्टरांच्या ओळखीने वेदनाशमनाचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांकडे जाता आलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्याकडे हे औषध रुग्णांपर्यंत पोचणं फार अवघड झालं होतं, २०१४च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले. कायदा आडवा येत होताच. आमच्या घरात त्याच्याही आधी ‘सूज’ हा शब्द आडवा आला होता. मी मॅडमना लिहून दिलेल्या प्रतिसादात हेच लिहिलं : भरभरून जगायचं तर आधी दुखतंय असं म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हणण्यासाठी घरात खरं बोललेलं असावं लागतं.

ज्याला जाणून घ्यायचंच नाही त्याच्या कानात कुणी ओरडून सांगावं, असं मी म्हणत नाही. विचारणं त्याच्याकडून यावं. पण तो विचारतोय हे आपल्याला ऐकू आलं पाहिजे. रिपोर्टात काय निघालं, हा प्रश्न आण्णांनी किती वेळा विचारला होता.

नंतरच्या दिवसांत त्यांनी काही मोठं केलं नाही. बांधावरून ज्या चुलतभावाशी बोलणं तुटलं होतं त्याला बोलावून घेतलं. बांधाचा निकाल लागला नाहीच, दोघांनी चहा घेतला आणि कारखान्यातल्या जुन्या माणसांची नावं आठवत बसले. पतपेढीच्या ठेवपावत्या आजीसमोर मांडून कुठल्या कधी वटवायच्या ते सांगितलं. आजीला तोवर सगळं कळलं होतं. तिने ठेचा वाटून दिला, पथ्याची चर्चा न करता.

आण्णांच्या या दिवसांवरूनच मला नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांची आठवण झाली. इ.स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. एकवीस वर्षांचे ज्ञानदेव निघाले आहेत आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. लपवाछपवी नाही, म्हणून दुःख कमी आहे असंही नाही. गुरू असलेले निवृत्तिनाथ भाऊ म्हणून कोसळतात. पण ते ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना आसनापर्यंत नेतातही. आणि समाधीची जागा झाडायला कोण गेलं? नामदेवांची मुलं. नारा, विठा, गोंदा, महादा. मोठ्यांनी पोरांना बाजूला घेऊन खेळायला पाठवलं नाही, काम दिलं.

टॉलस्टॉयच्या कथेत वास्या आहे, शाळेत जाणारा मुलगा. त्याला कुणी काही सांगत नाही. शेवटच्या तासांत तो हळूच खोलीत शिरतो, किंचाळणाऱ्या बापाचा हात त्याच्या डोक्यावर पडतो, मुलगा तो ओठांशी धरून रडू लागतो आणि तिथून इव्हान इल्यिचची भीती उतरू लागते. घरातल्या शहाण्या माणसांना न जमलेलं त्या पोराकडून होतं, तेही कुणी न सांगता. पुढे वास्याचं काय झालं याबद्दल टॉलस्टॉयने काही लिहिलेलं नाही. मला प्रबंधिकेसाठी तोच विषय घ्यायचा आहे : मरणाच्या गोष्टींमधली मुलं.

माझा चुलतभाऊ तेव्हा तिसरीत होता. काकूचं म्हणणं, त्याला मामाकडे पाठवू. आण्णा नको म्हणाले. त्याला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं की मी आता बरा होणार नाही, पण गोळी वेळेवर मिळाली की दुखत नाही, तर वेळ लिहायचं काम तुझं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. वहीवर उभ्या रेघा आण्णांनी स्वतः आखून दिल्या, कारखान्याच्या रजिस्टरला असायच्या तशा. पोराने एकही वेळ चुकवली नाही, आणि दहाची गोळी दिल्याशिवाय झोपायला तयार व्हायचा नाही. आता तो पाचवीत आहे. सुट्टीत गावी गेले की तो मला वजनकाट्याबद्दल विचारतो : आधी भरलेली गाडी मोजायची की रिकामी, बैल सोडायचे की जुंपलेलेच, पावती कुणाच्या हातात द्यायची. माहीत असेल तेवढं मी सांगते, उरलेलं आम्ही दोघं जाऊन आजीला विचारतो.