नेरूळहून श्रीस्थानकाकडे

श्रीपाळ-मयणासुंदरीचे चरित्र आपल्या घरांत आयंबिलाच्या ओळीत, म्हणजे वर्षातून दोनदा, वाचले जाते. त्यातील ठाणापुरी ती आजचे ठाणे, अशी परंपरा; शिलाहारांच्या काळी हेच नगर श्रीस्थानक होते. नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकल थेट तेथे पोहोचते. तरीही मातुःश्रींना तेथे नेण्यास मला १८ वर्षे लागली. दुकान बंद कधी ठेवावे, हेच ठरेना.

सकाळीच निघावे. पूजेची वस्त्रे व उकाळलेले पाणी सोबत असावे. स्थानकातून पश्चिमेस बाहेर पडावे. मासुंदा तलाव, कौपिनेश्वर मंदिर हा परिसर पायी पाहता येतो. मात्र जांभळी नाक्याच्या बाजारातील गर्दी वृद्धांना सोसत नाही, त्यांच्यासाठी रिक्षाच बरी. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध आहे. आश्विनातील ओळीच्या सुमारास तेथे नवरात्रोत्सवाची रीघ असते, म्हणून चैत्र निवडावा.

चउविहार असणाऱ्यांनी परतीची वेळ आधीच ठरवावी. आम्ही ठरवली होती, पण पाळता आली नाही. श्रीपाळाच्या आयुष्यातील प्रसंगांपाशी मातुःश्री थांबल्या आणि पुस्तकाविना, पहिल्यापासून, नातीला सांगू लागल्या. घाई करण्याचे धैर्य मला झाले नाही.